बिनउंबरठ्याची शाळा

सिंदीच्या जुन्या बाजारात कुणी रूपरावांना रस्ता विचारला, तर ते नुसते बोट दाखवून मोकळे होत नसत. इथून सरळ दीडशे फूट, मग निंबाचे झाड लागेल, तिथून उजवीकडे साठ फूट, असा पत्ता ते देत. विचारणाऱ्याच्या डोक्यात त्यातले फारसे शिरत नसे, पण अंतर बरोबर निघे. बाजारातल्या दोन टवाळ दुकानदारांनी एकदा दोरी घेऊन ते मोजूनही पाहिले. दीडशेच्या जागी एकशे बावन्न फूट भरले, म्हणून ते मोठ्या आनंदाने रूपरावांकडे आले. रूपरावांनी चहाची बशी खाली ठेवली आणि दोरी ओली होती का, एवढेच विचारले. ओलीच होती. ओली दोरी आखडते, आणि मग अंतर जास्त भरते. दुकानदार आले तसे परत गेले.

रूपरावांची चौतीस वर्षांची नोकरी नागपूरच्या एका बांधकाम कंपनीत नकाशे काढण्यात गेली. रोज सकाळच्या पॅसेंजरने जायचे, संध्याकाळच्या गाडीने परतायचे. कंपनी कापसाची गोदामे बांधत असे. पुलगाव, हिंगणघाट, आर्वी, देवळी, जिथे जिनिंग तिथे गोदाम. रूपरावांनी अशी एकेचाळीस गोदामे कागदावर उभी केली. नकाशाच्या उजव्या कोपऱ्यात एक चौकट असते. तिच्यात काढणाऱ्याची सही पहिली, तपासणाऱ्याची दुसरी आणि मंजूर करणाऱ्याची तिसरी. रूपरावांची सही कायम पहिल्या रकान्यात राहिली, आणि त्याबद्दल त्यांची काही तक्रारही नव्हती. फक्त एक गोष्ट ते कधी कधी पत्नीजवळ, लीलाबाईंजवळ, बोलून दाखवत. आपण काढलेल्या एकाही इमारतीत आजवर माणूस राहिला नाही, सगळीकडे कापूसच राहिला.

१९९६ च्या ऑगस्टमध्ये ते निवृत्त झाले. मुलगी लग्न होऊन अमरावतीला गेली होती. घरात ते आणि लीलाबाई. नकाशाच्या रेघा मारायचा टी-स्क्वेअर त्यांनी लीलाबाईंच्या जुन्या लुगड्यात गुंडाळून फडताळाच्या वर ठेवून दिला आणि दोन महिने घरातल्या सगळ्या खिळ्यांची जागा बदलण्यात घालवले. तिसऱ्या महिन्यात लीलाबाईंनी वैतागून सांगितले की आता आणखी एक खिळा हलला तर मी अमरावतीला जाईन.

त्याच आठवड्यात शोभाबाई घरी आल्या.

शोभाबाई जुन्या बाजारातल्या प्राथमिक शाळेच्या मुख्याध्यापिका. बुटक्या, चष्मा घातलेल्या, आवाज मात्र दोन गल्ल्या ऐकू जाईल असा. त्यांची शाळा एका जुन्या धर्मशाळेत भाड्याने भरत असे. पहिली ते चौथी, एकशे अठरा मुले. धर्मशाळेचे कौलारू छप्पर इतके खचले होते की शिक्षण खात्याच्या साहेबांनी लेखी कळवले होते, जून १९९८ पासून या जागेत शाळा भरवता येणार नाही.

शाळा चालवणाऱ्या संस्थेपुढे दोन जागा होत्या. एक रेल्वेलाइनच्या पलीकडे, ऐसपैस, दान मिळालेली. वर्ध्याच्या श्रीनिवास नावाच्या तरुण इंजिनिअरने तिथला नकाशाही करून दिला होता. ओळीने चार खोल्या, पुढे व्हरांडा, समोर मैदान. तो सगळ्यांना आवडला होता. दुसरी जागा संस्थेच्या मालकीची, जुन्या बाजारातच. पण ती म्हणजे घरांच्या दाटीत अडकलेला एक तुकडा, गल्लीकडे छत्तीस फूट आणि आत चौसष्ट. पूर्वेला पुंडलिकरावांच्या घराची भिंत, पश्चिमेला कापडाच्या दुकानाची पाठ, मागे मारुतीच्या देवळाचा छोटा चौक. इथे शाळा कशी मावेल, असे संस्थेच्या समितीतले सगळे म्हणत होते.

शोभाबाई एकट्याच इथेच हवी म्हणून अडून बसल्या होत्या. त्यांच्या शाळेतल्या बहुतेक मुलांच्या आया सकाळीच कापूस वेचायला नाहीतर निंदणाला निघून जात. मुले आपापली शाळेत येत, मोठी बहीण धाकट्याचे बोट धरून. लाइनच्या पलीकडे शाळा गेली तर ही मुले फाटकाशी थांबणार, आणि मालगाडी उभी राहिली की डब्यांखालून वाकून पलीकडे जाणार. आया ते एकदा पाहतील आणि आधी मुलींना घरी बसवतील. शोभाबाईंनी नावे लिहून काढली होती. एकवीस मुली. समितीने त्यांचे ऐकून घेतले आणि मुदत दिली. एप्रिल १९९७ अखेरपर्यंत या तुकड्यात बसणारा नकाशा आणा, नगरपालिकेची मंजुरी आणा, शेजाऱ्यांची हरकत असता कामा नये. नाहीतर लाइनच्या पलीकडे.

"म्हनून आली तुमच्याकडे," शोभाबाई म्हणाल्या. "तुमी नाई म्हटलं तर मी काई दुसऱ्या कोनाकडे जानार नाई. दुसरं कोनी हायेच नाई."

रूपरावांनी आपण फक्त गोदामे काढली आहेत हे प्रामाणिकपणे सांगितले. लीलाबाई आतून चहा घेऊन आल्या आणि कप ठेवता ठेवता म्हणाल्या, "चौतीस वर्षं कापसाले घरं काढून देल्ली. आता पोराइले काढून द्या. खिळ्याइले तरी आराम भेटन."

दुसऱ्या दिवशी टी-स्क्वेअर लुगड्यातून बाहेर आला.

दीड महिना रूपराव त्या तुकड्यात रोज जात. सकाळी ऊन कुठून येते, दुपारी सावली कुठे पडते, पश्चिमेचा वारा कापडाच्या दुकानावरून कसा वळतो, हे त्यांनी वहीत लिहिले. मधोमध लांब व्हरांडा, दोन्ही बाजूंना खोल्या, वर आणखी दोन खोल्या आणि खेळायला गच्ची, असा नकाशा तयार झाला. कागदावर एकशे अठरा मुले व्यवस्थित मावत होती. पण कागदावर त्यांचा विश्वास अर्धाच होता. कंपनीत एक पद्धत होती. गोदामाची आखणी जमिनीवर चुन्याच्या फक्कीने केली की त्यात रिकामी बैलगाडी फिरवून पाहायची. ती वळली तर पाया खणायचा, नाहीतर आखणी पुसायची. रूपरावांनी तेच करायचे ठरवले. फरक एवढाच की इथे बैलगाडीऐवजी मुले फिरवायची होती.

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात त्यांनी सबंध शाळा पांढऱ्या फक्कीने जमिनीवर आखली. भिंतींच्या रेघा, दारांच्या जागी मोकळ्या फटी. कोपऱ्यांत बांबू रोवून खिडक्यांच्या उंचीवर सुतळ्या बांधल्या. सकाळी शोभाबाई दोन-दोनच्या रांगेत सगळी शाळा घेऊन आल्या.

मुलांना काही सांगावे लागले नाही. पहिल्या फटीपाशी त्यांनी आपोआप चपला काढल्या. चौथीतली एक पोरगी रेघ ओलांडून आत गेली, तर बाकीच्यांनी तिला भिंतीतून कशी आलीस म्हणून परत पाठवले आणि दारातून यायला लावले. गल्लीतली माणसे ओट्यांवर उभी राहून पाहत होती. रेघांच्या आत पाढे सुरू झाले. रूपरावांनी पाहिले की पहिलीच्या खोलीतली मुले दाटीने बसली आहेत, तर चौथीची खोली मोकळी आहे. त्यांनी तिथल्या तिथे पायाने एक रेघ पुसली आणि दोन फूट सरकवली. एका मिनिटात भिंत हलली. त्यांना फार बरे वाटले.

तेवढ्यात शोभाबाई एका सुतळीखाली येऊन उभ्या राहिल्या. सुतळी त्यांच्या डोक्यावर तीन वीत उंच होती.

"रूपरावजी, हे काय हाय?"

"खिडकी."

शोभाबाईंनी टाचा उंचावल्या. तरी पोचल्या नाहीत. मग त्यांनी खाली बसलेल्या मुलांकडे पाहिले आणि पुन्हा सुतळीकडे. "इथं पोरं बसवाची हायेत, का कापसाच्या गाठी रचाच्या हायेत?"

ओट्यांवरची माणसे हसली. रूपरावांचा चेहरा लाल झाला. खिडक्या त्यांनी सात फुटांवर काढल्या होत्या. गोदामाच्या खिडक्या उंचच असतात. बाहेरून ठिणगी येऊ नये, पाऊस येऊ नये, कुणी हात घालून रुई ओढू नये. चौतीस वर्षे हाताला तीच सवय. डोके शाळा काढत होते आणि हात गोदाम.

ते धोतराचा सोगा आवरून मुलांमध्ये मांडी घालून बसले. तिथून त्यांना सुतळी दिसली, कापडाच्या दुकानाचे पत्रे दिसले आणि आभाळाचा एक तुकडा. बाकी काही नाही. सबंध दिवस इथे बसायचे म्हणजे विहिरीत बसल्यासारखे झाले असते.

दुसऱ्या दिवशी ते पट्टी घेऊन धर्मशाळेत गेले. प्रत्येक मुलाला भिंतीला पाठ लावून मांडी घालून बसवले आणि डोळ्यांच्या रेषेत पट्टी धरली. पहिलीतल्या मुलांचे डोळे जमिनीपासून एक फूट आठ इंचांवर होते, चौथीतल्यांचे दोन फुटांवर. एकशे अठरा आकडे त्यांनी वहीत उतरवले. मग खिडकीची खालची कड दीड फुटावर आणली आणि गज लावले. सात फुटांवरच्या खिडक्याही त्यांनी काढून टाकल्या नाहीत. छोटे झरोके करून ठेवल्या. वैशाखातली गरम हवा वरच चढते आणि तिला बाहेर पडायला वाट लागते, हे गोदामातल्या रुईने त्यांना शिकवले होते.

नकाशा नगरपालिकेत गेला. शेजाऱ्यांना हरकत घेण्यासाठी तीस दिवसांची नोटीस लागली. नवव्या दिवशी पुंडलिकरावांची हरकत आली.

पुंडलिकराव सरकी-ढेपेचे व्यापारी. पिढ्यान् पिढ्या बाजारात दुकान, पुढे दुकान आणि मागे घर. शब्दाचे पक्के, बोलायला कमी, शाळेच्या गणेशोत्सवात दरवर्षी स्वतः उभे राहून प्रसाद वाटणारे. त्यांनी शाळेला आडवे यावे याचे सगळ्यांना आश्चर्य वाटले. अर्जात लिहिले होते की प्रस्तावित इमारतीमुळे अर्जदाराच्या घराचा उजेड आणि वारा बंद होईल.

रूपरावांना ते रास्त वाटले. त्यांनी वरचा मजला पूर्वेकडून मागे घेतला, म्हणजे ऊन पडेल. पुंडलिकरावांनी नकाशा बघितला आणि हरकत कायम ठेवली. मग रूपरावांनी संडासाची जागा पश्चिमेला नेली. तरी कायम. शेवटी त्यांनी पूर्वेची भिंतच आत सरकवली आणि पुंडलिकरावांच्या भिंतीलगत तीन फुटांची मोकळी बोळ सोडली. चौथीची खोली त्यामुळे अरुंद झाली, पण इलाज नव्हता. पुंडलिकरावांनी दुकानात गादीवर बसून तो नकाशा बराच वेळ पाहिला. आपल्या घराच्या मागच्या दारावर बोट ठेवले आणि विचारले, "तीनच?"

रूपराव म्हणाले, नियमात तीनच आहे.

पुंडलिकरावांनी नकाशाची गुंडाळी करून परत दिली.

मार्च संपत आला. शोभाबाई एका संध्याकाळी येऊन बसल्या, पण त्या दिवशी त्यांचा आवाज दोन गल्ल्या काय, स्वयंपाकघरातही पोचला नाही. समितीने लाइनपलीकडच्या जागेवर पायाभरणीचा दिवस विचारायला सुरुवात केली होती. त्या म्हणाल्या की रूपरावजी, तुमचा काही दोष नाही. रूपरावांना ते जास्त लागले. रात्रीच्या जेवणात त्यांनी भाजीत मीठ नसल्याचे सांगितले नाही, त्यावरून लीलाबाईंना काय ते समजले.

उन्हाळ्याची तयारी म्हणून बाजारातल्या बायका तेव्हा एकमेकींच्या घरी गव्हाच्या पिठाचे सरगुंडे वळायला जमत. दोन दिवसांनी पाळी पुंडलिकरावांच्या घरची होती. लीलाबाई सकाळीच गेल्या आणि दुपारी हाताला पीठ लागलेल्याच परत आल्या. त्यांनी पाय धुतले, पाणी प्यायल्या आणि नकाशावर वाकलेल्या नवऱ्याला म्हणाल्या, "तुमचा उजेड न् वारा राहू द्या बाजूले. त्याइचा नंदी अडकून राह्यला."

पुंडलिकरावांची सून प्रेरणा वळता वळता सहज बोलली होती. घराच्या मागच्या खोलीत चादरीखाली सासऱ्यांच्या वडलांनी करवून घेतलेला सागवानी नंदी आहे. चाकांवरचा, माणसाएवढा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, गल्लीतली सगळी पोरे आपापले लाकडी बैल घेऊन येतात आणि त्यांच्यापुढे हा नंदी चालतो. पुढच्या दाराला दुकानाच्या पाच पायऱ्या, तिथून चाके उतरत नाहीत. तो मागच्या दारातून या रिकाम्या तुकड्यात येतो आणि तिथून गल्लीत. साठ वर्षे तसाच येत आला आहे. नोटीस लागल्यापासून सासरे रोज संध्याकाळी त्या खोलीत जाऊन बसतात, असे प्रेरणा म्हणाली होती.

रूपरावांनी पेन्सिल खाली ठेवली. त्यांना ते "तीनच?" आठवले. त्यांनी खिशात टेप घातला आणि चप्पल अडकवली.

पुंडलिकराव दुकानात होते. रूपराव गादीवर बसले नाहीत. उभ्या उभ्याच म्हणाले, "पुंडलिकराव, तुमचा नंदी दाखवता का?"

पुंडलिकरावांनी त्यांच्याकडे पाहिले, मग उठले आणि पुढे झाले. मागच्या खोलीत दिवा लावला, चादर काढली. तेल पिऊन पिऊन सागवान काळसर झाले होते. डोळ्यांच्या जागी शंखाचे तुकडे, गळ्यात पितळी घाट्या, पायांखाली चार लाकडी चाके. रूपरावांनी चपला काढून नमस्कार केला आणि मग टेप उलगडला.

"त्याले काऊन मोजता जी?"

"त्याले जाले किती वाट लागते, ते पाहून राह्यलो." रूपराव गुडघ्यांवर बसून चाकांचा आस मोजत होते. "चार फूट दोन इंच. अन् मी देल्ले तीन." थोड्या वेळाने वर न बघताच त्यांनी विचारले, "अर्जात हे काऊन नाई लिहिलं?"

पुंडलिकराव दाराला टेकले. "काय लिहू? लाकडाच्या बैलासाठी शाळा अडवली, असं लिहू? उभा बाजार हसला असता."

"मंग उजेडाचं लिहिलं."

"उजेडाले कोनी हसत नाई."

दोघेही हसले. प्रेरणाने आतून चहा पाठवला आणि दोघांनी तो नंदीच्या पायाशी बसूनच घेतला.

त्या रात्री रूपरावांना स्वस्थ झोप लागली. सकाळी त्यांनी जुना नकाशा गुंडाळून ठेवला आणि नवा कागद चिकटवला. मधला व्हरांडा उचलून त्यांनी पूर्वेला, थेट पुंडलिकरावांच्या भिंतीलगत नेला आणि त्याचा नऊ फूट रुंद, लांबच लांब दालनासारखा हॉल केला, गल्लीपासून मागच्या चौकापर्यंत. प्रार्थना तिथे, डबे खाणे तिथे, पावसाळ्यातली कवायत तिथे. सगळ्या खोल्या पश्चिमेला एका रांगेत, त्यांच्या बुटक्या खिडक्या या हॉलकडे उघडणाऱ्या. वाया जाणारी बोळ शाळेच्या पोटात आली आणि चौथीची खोली पुन्हा पहिल्यासारखी झाली. पुंडलिकरावांचे मागचे दार या हॉलमध्येच उघडणार होते. त्याला दोन्ही बाजूंनी कुलूप, वर्षातून एकदा काढायचे. आणि हॉलच्या दोन्ही टोकांना त्यांनी गोदामाची दारे काढली. कापसाच्या गाठी लादलेली ढकलगाडी जाते तशी, सहा फूट रुंद, आठ फूट उंच, बाजूला सरकणारी. ढकलगाडी अडू नये म्हणून अशा दाराला उंबरठा नसतो. याही दाराला ठेवला नाही.

परवाना श्रीनिवासकडे होता, म्हणून मंजुरीसाठी सही त्याची हवी होती. तो मनाचा मोठा मुलगा. आपला नकाशा बाजूला पडणार हे दिसत असूनही त्याने हा बारकाईने पाहिला. फक्त एक शंका काढली, तीन-साडेतीन फुटांच्या मुलांना आठ फुटांचे दार कशाला, साडेसहा पुरे.  गोदामाचे दार आठ फुटांचेच असते, एवढेच रूपराव म्हणाले. श्रीनिवासने हसून सही केली. तपासणाऱ्याच्या रकान्यात मात्र रूपरावांनी शोभाबाईंची सही घेतली. नगरपालिकेतल्या बाबूने या बाई कोण म्हणून विचारले. "खिडक्या त्याईनंच तपासल्या," रूपरावांनी सांगितले.

पुंडलिकरावांनी हरकत मागे घेतली. त्यांच्या नव्या अर्जात लिहिले होते की उजेड आणि वारा यांबाबत अर्जदाराचे पूर्ण समाधान झाले आहे. एप्रिल संपायला चार दिवस असताना मंजुरी हातात पडली.

बांधकामात एकच भांडण झाले, ते उंबरठ्यावरून. मिस्त्री म्हणे, बिनउंबरठ्याचे दार मी आयुष्यात लावले नाही आणि लावणार नाही. बाजारातल्या म्हाताऱ्या त्याच्या बाजूने. इतकेच काय, लीलाबाईही त्याच्या बाजूने. हळदीकुंकू कुठे वाहायचे, असा त्यांचा सवाल होता. दोन दिवस काम थांबले. शेवटी रूपरावांनी काळ्या दगडाची एक पट्टी आणली आणि ती दारात फरशीच्या बरोबर पातळीत बसवायला लावली. उंबरठा झाला आणि अडलेही काही नाही. मिस्त्रीने त्यावरून हात फिरवून खात्री केली, लीलाबाईंनी पहिली हळदकुंकवाची बोटे ओढली.

२६ जून १९९८, शुक्रवारी शाळा भरली. रूपराव मागे कोपऱ्यात उभे होते. मुलांनी दाराशी चपला काढल्या, फक्कीच्या रेघेपाशी काढल्या होत्या तशाच. एकवीस मुलींच्या यादीतल्या चौघी पास होऊन पाचवीला गेल्या होत्या. उरलेल्या सतराच्या सतरा आल्या होत्या. शोभाबाईंनी यादी दोनदा तपासली.

खरी परीक्षा ऑगस्टात होती. तान्ह्या पोळ्याच्या दिवशी दुपारपासून मुले आपापले लाकडी बैल घेऊन हॉलमध्ये जमली. काहींचे वीतभर, काहींचे कडेवर घ्यावे लागतील एवढे, शिंगांना बेगड, पाठीवर झुली. दोन्ही कुलपे निघाली. पुंडलिकरावांचे मागचे दार उघडले आणि नंदी सावकाश हॉलमध्ये आला. दोन्ही बाजूंना भरपूर जागा होती. रूपरावांनी समाधानाने पाहिले. तेवढ्यात पुंडलिकरावांच्या मुलाने, धर्मेंद्रने, घरातून मोरपिसांचा एक मोठा तुरा आणला आणि शिंगांच्या मध्ये खोचला.

रूपरावांनी दाराकडे पाहिले. नंदी त्यांनी चादरीखालचा मोजला होता, सजलेला नव्हता. शिंगांपर्यंत पाच फूट नऊ इंच. हा तुरा चांगला दोन फुटांचा. आजवर नंदी उघड्यावर आल्यावर तुरा लावत, त्यामुळे त्याची उंची कधी कुणाच्या लक्षात आली नव्हती. आणि पोळ्याच्या नंदीचा तुरा काढणे किंवा दारातून वाकवून नेणे म्हणजे त्याचा केवढा अपमान, हे त्यांना ठाऊक होते. श्रीनिवासचे साडेसहा फूट त्यांना आठवले.

चाके फरशीवरून गडगडत निघाली. काळ्या पट्टीवरून गेली तेव्हा नंदी जरासुद्धा डुलला नाही. तुरा दाराच्या वरच्या कडेखालून गेला. मध्ये तीन बोटे जागा उरली. बाहेर गल्लीत ताशा वाजू लागला आणि मुले आपले बैल ओढत मागोमाग निघाली.

पुंडलिकराव दारात थांबून वर पाहत होते. "तुरा बी मोजला होता जी?"

रूपरावांना होय म्हणता आले असते. "नाई," ते म्हणाले. "दार गाठीचं हाये, म्हनून गेला."

पुंडलिकरावांनी त्यांच्या कपाळाला गुलाल लावला आणि नंदीमागे चालू लागले.

पुढे रूपरावांकडे नकाशासाठी लोक येऊ लागले. त्यांनी दोन अंगणवाड्या आणि एक वाचनालय काढून दिले, आणि दर वेळी आधी फक्कीने आखून त्यात माणसे बसवली. शोभाबाई २००१ मध्ये निवृत्त झाल्या; त्यानंतरही रोज एक चक्कर मारून नव्या बाईंना खिडक्या पुसल्या नाहीत म्हणून बोलत. लीलाबाईंना शाळेत जाऊन मुलांना गोष्टी सांगायचा नाद लागला.

तान्ह्या पोळ्याला रूपराव कधी गल्लीत उभे राहत नसत. ते पहिलीच्या खोलीत जाऊन जमिनीवर मांडी घालत, कारण तिथल्या खिडकीतून नंदी सबंध दिसे, चाकांपासून तुऱ्यापर्यंत. २००३ सालीही ते तसेच बसले. पासष्ट वर्षांचे गुडघे आता मांडीला कुरकुरत होते. बाहेर घाट्या वाजल्या, ते नीट बघायला पुढे सरले, तोच त्यांच्या पाठीवर कुणीतरी बोटाने टोचले. मागे पहिलीतली मयुरी बसली होती, मांडीवर वीतभराचा बैल घेऊन.

"आबाजी, बाजूले सरका ना. मले दिसून नाई राह्यलं."

रूपरावांनी वळून तिचे डोळे कुठे येतात ते पाहिले. मग हात टेकून ते सव्वा फूट डावीकडे सरकले, आणि आता दिसते का, असे तिला विचारले. तिने आपला बैल उचलून खिडकीकडे धरला. नंदी खिडकीशी आला होता.